नव्वद दिवसांपलीकडचा मंगळवार

सलग तीन दिवस शहरातल्या सगळ्या टाक्या कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर आपापल्या जागी ठाम होत्या. एक नंबरची टाकी एक्याऐंशी टक्के, दोन नंबरची सत्तर, तीन नंबरची बासष्ट. लोक अंघोळी करत होते, बागांना पाणी घालत होते, पंप चालू होत होते, बंद होत होते, पण टाक्या हलायला तयार नव्हत्या. पाणीपुरवठ्याच्या मोठ्या साहेबांनी स्क्रीनकडे पाहून "याला म्हणतात नियोजन" असं म्हणूनही घेतलं. चौथ्या दिवशी अर्ध्या शहराचे नळ कोरडे पडले आणि उरलेल्या अर्ध्यात रस्त्यांवरून पाणी वाहायला लागलं, तेव्हा कुठे उलगडा झाला. टाक्या ठाम नव्हत्या, कॉम्प्युटर गार पडला होता.

गार पडण्याचं कारण अगदीच साधं निघालं. सहा वर्षांपूर्वी टाक्यांवर, पंपांवर आणि व्हॉल्व्हवर सेन्सर बसवले, तेव्हापासून ते दर दहा सेकंदांना आपापला आकडा डेटाबेसमध्ये लिहीत होते. पाणी किती, प्रेशर किती, व्हॉल्व्ह किती उघडा, कंट्रोल रूममधून कोणतं बटण किती वाजता दाबलं, सगळं. लिहिणारे दोनशे, पुसणारं कोणी नाही. डिस्क काठोकाठ भरली आणि नवा आकडा लिहायला जागाच उरली नाही. टाकी भरून वाहू नये म्हणून आणलेलं यंत्र स्वतःच भरून बसलं.

पुसणारं कोणी नव्हतं, त्याचं कारण कंट्रोल रूममधल्या खुर्चीवरच बसलेलं असे. त्यांना सगळे आकडेराव म्हणत. खरं नाव पगाराच्या यादीपुरतं उरलं होतं. नोकरीची पहिली पंचवीस वर्षं त्यांनी तबकड्यांवरचे काटे बघून रजिस्टरं भरण्यात घालवली, निळ्या शाईने पाणी आणि लाल शाईने प्रेशर. सेन्सर आले तेव्हा बाकीच्यांना वाटलं, आता हा माणूस रडकुंडीला येणार. आकडेराव उलट हरखून गेले. आपल्यासारखेच दोनशे जण हाताखाली मिळाले, तेही न जेवता, न झोपता लिहिणारे! त्यांतलं एक अक्षर कोणी पुसू म्हटलं असतं तर आकडेरावांनी त्याला उभं केलं नसतं.

घरीही तीच तऱ्हा. बायकोने कपाट आवरायला काढलं की हे दारात हजर.

"अहो, या छत्रीच्या चार काड्या तुटल्यात. काढून टाकू?"

"काढून ठेव."

"हा चष्मा तुमच्या तीन नंबर मागचा आहे."

"असू दे. काढून ठेव."

काढून टाकणं आणि काढून ठेवणं यांत फरक म्हणाल तर एका शब्दाचा, पण त्या शब्दापायी घरातला माळा खाली यायचा तेवढा बाकी होता. बायको सोसत होती. तिच्या मनात सलत होती ती छत्री नव्हे, तर एक मंगळवार. तोही आकडेरावांनी सहा वर्षं असाच जपून ठेवला होता.

झालं होतं असं. आकडेरावांच्या बायकोचा धाकटा भाऊ याच खात्यात व्हॉल्व्हमन. तेव्हा तो तीन नंबरच्या टाकीवर होता. ही टाकी बरोबर साहेबांच्या कचेरीमागे. व्हॉल्व्हची खोली टाकीच्या पोटात, तिला खिडकी नाही. कंट्रोल रूममधून आकडेरावांनी बटण दाबायचं, खोलीत घंटा वाजायची, मेहुण्याने चाक फिरवून पाणी बंद करायचं. त्या मंगळवारी दुपारी टाकी भरली, वाहिली, आणि साहेबांच्या केबिनमध्ये घोटाभर पाणी शिरलं. साहेबांनी ओल्या बुटांनी दोघांना समोर उभं केलं. आकडेराव म्हणाले, "तीन वाजून बारा मिनिटांनी मी बटण दाबलंय, घड्याळ बघून." मेहुणा म्हणाला, "घंटा वाजलीच नाही. वाजली ती पावणेचारला, सगळं वाहून गेल्यावर." साहेबांनी वयाला मान देऊन आकडेरावांचं खरं धरलं आणि मेहुण्याची बदली केली डोंगरावरच्या सहा नंबरच्या टाकीवर, जिथे दिवसातून दोनच बस जातात.

तेव्हापासून दोघांत बोलणं बंद. मेहुणा ताईला सांगायचा, "भावोजींना डुलकी लागली असणार, बटण दाबलंच नसणार त्यांनी." ताईने ते घरी येऊन सांगितलं की आकडेराव एकच वाक्य म्हणायचे, "मशीनमध्ये सगळं आहे. ज्याला बघायचंय त्याने बघावं." गंमत अशी की बघायचं कसं ते कोणालाच येत नव्हतं. स्क्रीनवर फक्त कालपासून आजपर्यंतचं दिसे. त्यामागचं सगळं आत कुठेतरी आहे एवढ्या विश्वासावर आकडेराव सहा वर्षं मेहुण्याला पाण्यात पाहत होते आणि त्यांची बायको महिन्यातून एकदा डबा घेऊन एकटीच डोंगर चढत होती. आपण खरे आहोत, याबद्दल त्यांना तिळभरही शंका नव्हती. म्हणून तर कधी शोधायची गरजही वाटली नाही.

अशा या माणसासमोर कॉम्प्युटर कंपनीने एक इंजिनिअर मुलगी पाठवली. पाठीवर सॅक, कानात गाण्यांची बोंडं, आणि खुर्चीत बसल्याबसल्या पहिलं वाक्य, "काका, यातलं नव्वद दिवसांपेक्षा जुनं सगळं उडवावं लागेल."

आकडेरावांनी तिथल्या तिथे तिचं नाव सफाईताई ठेवलं.

"उडवायचं म्हणजे?"

"म्हणजे पुसायचं. आणि एकदाच नाही, रोज. मी असं लावून देते की रोज दुपारी एकला, जेवणाच्या सुट्टीत, नव्वद दिवसांपलीकडचं आपोआप जाईल. कोणाला काही करायलाच नको. पहिली सफाई पुढच्या शुक्रवारी."

"कोणाला न विचारता?"

"आपोआप म्हणजे तेच ना, काका."

आकडेरावांच्या तोंडचं पाणी पळालं. माणूस निदान पुसताना दोनदा विचार करतो, एखाद्या आकड्यावर त्याची नजर अडते. हे यंत्र जेवणाच्या वेळेला येणार, काल नव्वद दिवसांचा झालेला दिवस उचलणार आणि चालतं होणार! ते तडक साहेबांकडे गेले. रस्त्यावरून वाहिलेल्या पाण्याबद्दल साहेबांना वरून चांगलंच ऐकावं लागलं होतं, त्यामुळे ते काही ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. त्यांनी तडजोड म्हणून एवढंच मान्य केलं, की आकडेराव सांगतील त्या महत्त्वाच्या नोंदी सफाईताईंनी शुक्रवारच्या आत वेगळ्या काढाव्यात, छापाव्यात आणि साहेबांच्या सहीला पाठवाव्यात.

मग काय, आठ दिवस कंट्रोल रूममध्ये एकच घोष.

"ताई, त्या उन्हाळ्यात दोन नंबरचा पंप एकशे चाळीस तास सलग चालला होता. काढून ठेवा."

"ठेवते."

"आणि तो पाच नंबरच्या टाकीचा एक रविवार. दिवसभर आकडा एका टक्क्याच्या वर हलला नाही. अशी टाकी पुन्हा होणे नाही. काढून ठेवा."

"काका, यात आहे काय?"

"काही नाही, हेच तर आहे."

सफाईताई कपाळाला हात लावायची आणि वहीत तारीख लिहून घ्यायची. पण पोरगी मनाने चांगली होती. आपल्या वडिलांच्या वयाचा माणूस पंपांची आठवण काढून गहिवरतो, हे तिने आजवर पाहिलं नव्हतं. गुरुवारी सकाळी तिने त्यांना जुनी तारीख टाकून नोंद कशी शोधायची ते शिकवलं. म्हणाली, "दरवेळी मला कशाला विचारता? तुम्हीच बघा, आणि हवं ते सांगा."

आकडेरावांनी बोटं मोडली, चष्मा पुसला आणि मंगळवार शोधला.

मनात सगळं ठरलेलं होतं. कागद छापून घ्यायचा, घरी जाऊन काही न बोलता जेवणाच्या टेबलावर ठेवायचा, आणि बायको वाचत असताना पाणी पीत बसायचं. तारीख टाकली. दुपार टाकली. ओळी सरसर खाली उतरल्या. आणि तीन वाजून बारा मिनिटांवर ती सापडली, त्यांची स्वतःची नोंद. बटण दाबलं. ऑपरेटर, आकडेराव. त्यांना खुर्चीतून उठून टाळी द्यावीशी वाटली, पण टाळी द्यायला शेजारी कोणी नव्हतं, म्हणून त्यांनी ओळ पुढे वाचली.

टाकी, चार नंबर.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. चार नंबरच. तीन आणि चार नंबरची बटणं एकाला एक लागून होती. चार नंबरची टाकी त्या महिन्यात दुरुस्तीसाठी रिकामी केलेली, तिथे एक शिडी सोडून कोणी नव्हतं. तिथल्या घंटेची नोंदही होती. तब्बल एकोणतीस मिनिटं ती त्या शिडीला बोलावत होती. तीन बेचाळीसला पाणी काठावरून गेलं... नाही, त्याच्याही आधी, तीन बावीसला. आणि तीन एक्केचाळीसला, साहेबांचा फोन आल्यावर, आकडेरावांनी तीन नंबरचं बटण दाबलेलं होतं. आयुष्यात प्रथमच त्यांना आकडे वाचताना पुढचामागचा गोंधळ झाला.

खाली व्हॉल्व्हच्या ओळी होत्या. दर दहा सेकंदांना एक. शंभर टक्के उघडा, ऐंशी, पंचावन्न, तीस, दहा, बंद. पाच नोंदींत बंद. आकडेरावांना ते चाक माहीत होतं. चाळीस फेरे फिरवावे लागतात, धडधाकट माणसालाही साडेतीन मिनिटं लागतात आणि वर दम लागतो. हा पन्नास सेकंदांत मोकळा झाला होता. घंटा वाजल्याबरोबर पोरगं चाकावर अक्षरशः लोंबकळलं असणार.

आकडेरावांना वाईट वाटलं, हे खरं. पण त्याहून जास्त त्यांना भीती वाटली. सहा वर्षं ज्या कागदाच्या जोरावर घरात मान ताठ ठेवली, तो कागद हा? बायकोने हा वाचला तर? ते दिवसभर त्या स्क्रीनसमोर बसले आणि संध्याकाळी, सफाईताई सॅक आवरत असताना, तिच्याजवळ जाऊन घसा खाकरत म्हणाले, "ताई, ती एक मंगळवारची नोंद आहे. ती जरा... काढून टा..."

पुढचं अक्षर तोंडातून फुटेचना. जिभेला सवयच नव्हती. सफाईताईने एका कानातलं बोंड काढलं, तारीख बघितली आणि हसून म्हणाली, "कळलं, काका."

तिला कळलं ते आठ दिवस जे ऐकलं होतं तेच.

शुक्रवारी एकला पहिली सफाई झाली. आकडेराव जेवायचे सोडून समोर उभे. स्क्रीनवर एक हिरवी पट्टी सरकत होती आणि तिच्याबरोबर सहा वर्षांचे उन्हाळे, पावसाळे, शहराच्या अंघोळी आणि गळती निघून चालल्या होत्या. एरवी त्यांना रडू फुटलं असतं. आज ते मनातल्या मनात पट्टीला म्हणत होते, "चल, आटप लवकर." पट्टी भरली. मंगळवार गेला. आकडेरावांनी दीर्घ श्वास सोडला आणि डबा उघडला.

"काका, एवढे हळवे होऊ नका," सफाईताई म्हणाली. "तुमची ती कालची नोंद मी राखलीय. ग्राफसकट छापली. तुम्ही एवढं संकोचून सांगितलंत, म्हणजे जवळची असणार. वर लिहिलंय, 'आकडेराव यांच्या खास सूचनेवरून काढून ठेवलेली नोंद'."

डब्याचं झाकण खाली पडलं. "कुठे आहे ती?"

"साहेबांची सही झाली. ते म्हणाले, 'संबंधित कर्मचाऱ्यास माहितीसाठी प्रत.' ज्या व्हॉल्व्हमनचं नाव नोंदीत होतं, तो हल्ली सहा नंबरला असतो ना? मघाशी साडेबाराला क्लोरीनची गाडी वर गेली, तिच्यातून पाठवली."

साहेब सही करतात, वाचत नाहीत. हे खात्यात सगळ्यांना ठाऊक होतं आणि आजवर सगळ्यांच्या सोयीचं होतं.

एकतीस वर्षांत आकडेरावांनी अर्ध्या दिवसाची रजा कधी घेतली नव्हती. आज घेतली. रजेच्या अर्जात कारणाच्या जागी त्यांनी 'घरगुती' लिहिलं, खोडलं, 'खात्याचं' लिहिलं, तेही खोडलं आणि तसाच अर्ज टेबलावर टाकून बसथांब्याकडे धावले. दीडची बस सव्वादोनला आली. क्लोरीनची गाडी वाटेत दोन पंपांवर थांबते, ड्रायव्हर तिथे चहा घेतो, तेव्हा अजून आशा आहे, असा हिशेब करत ते खिडकीतून प्रत्येक वळणावर पुढची गाडी शोधत होते. कागद हाती लागला तर काय करायचं, तेही ठरलं होतं. फाडायचा. लहान लहान तुकडे करून दरीत सोडायचे. ज्या माणसाने मोडकी छत्री टाकली नाही, तो हे ठरवत होता.

क्लोरीनची गाडी त्यांना दिसली ती शेवटच्या वळणावर. ती खाली परत चालली होती.

सहा नंबरची टाकी डोंगराच्या माथ्यावर. टाकीला टेकून एक खोली, खोलीबाहेर लाकडी बाक, आणि बाकावर मेहुणा बसलेला, मांडीवर कागद. सहा वर्षांत त्याच्या कानशिलावरचे केस पांढरे झाले होते. आकडेरावांना धाप लागली होती, त्यामुळे आधी बोलायचा मान आपोआपच मेहुण्याकडे गेला.

"भावोजी, हे तुम्ही पाठवलंत?"

आकडेरावांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. मेहुण्याने ते हो धरलं.

"मी ताईला सहा वर्षं सांगत होतो, यांनी बटण दाबलंच नाही, झोपले होते. आणि तुम्ही तर दाबलं होतं. तीन बाराला म्हणालात, ते तीन बाराच होते." त्याने कागदावरची ओळ बोटाने दाखवली. "चुकीचं दाबलंत, पण दाबलं होतंत. मी तुम्हाला उगाच झोपाळू ठरवलं. आणि एवढं असून तुम्ही स्वतःची चूक छापून धाडलीत. माझ्याच्याने नसतं झालं हो हे."

झालं! आयती माफी, वर कौतुक. नुसतं गप्प बसलं असतं तरी सगळं गोड झालं असतं. बायकोही खूश, मेहुणाही खूश. पण जन्मभर खरा आकडा लिहिलेल्या माणसाला खोटी नोंद आपल्या नावावर चढताना बघवेना.

"मी नाही पाठवला," ते म्हणाले. "मी ती नोंद पुसायला सांगितली होती. तिने चुकून ठेवली. आणि आत्ता मी आलो ते हा कागद तुझ्या हाती पडायच्या आत फाडायला."

मेहुणा त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याने कागदाकडे पाहिलं, मग पुन्हा त्यांच्याकडे.

"म्हणजे बस वेळेवर आली असती तर..."

"फाडला असता."

मेहुणा हसायला लागला. आधी नाकातून, मग पोट धरून. आकडेरावांना राग यायला हवा होता, पण डोंगर चढून रागाला दम उरला नव्हता. हसणं ओसरल्यावर ते म्हणाले, "उद्या साहेबांकडे जातो. सगळं सांगतो. तुझी बदली रद्द करवतो. सहा वर्षं तुला उगाच इथे कुजवलं."

"अहो, काय करताय!" मेहुणा दचकून उठला. "मला नाही जायचं खाली. इथे साहेब नाहीत, ओल्या बुटांचं कोणी नाही, वारा आहे. मागे मी वांग्यांची रोपं लावलीत. बदलीने माझं काही वाईट झालं नाही."

"मग सहा वर्षं बोलला का नाहीस?"

मेहुणा परत बाकावर बसला. त्याने कागदाची घडी घातली, उलगडली, परत घातली.

"बटणाचं मला काहीच नव्हतं, भावोजी. बटण कोणाचंही चुकतं. पण त्या दिवशी साहेबांसमोर तुम्ही म्हणालात, 'हा लहानपणापासून असाच. याच्या बहिणीने गळ घातली म्हणून याला खात्यात चिकटवला, नाहीतर याला कोण घेतंय.' सगळ्यांसमोर म्हणालात. शिपाई पण होता."

आकडेरावांनी चष्मा काढला.

त्यांनी आठवून पाहिलं. साहेबांचे बूट आठवले, भिंतीवरची ओल आठवली, घड्याळातले काटे आठवले. तीन बारा आठवले. ते वाक्य कुठेच सापडेना. आपण असं बोलल्याचा मागमूसही डोक्यात नव्हता, आणि समोरच्या माणसाने ते शब्दाशब्दाने, शिपायासकट, सांभाळलं होतं. असं वाक्य कुठल्या सेन्सरने टिपलेलं नसतं. शोधायला तारीख टाकून उपयोग नसतो. 'पुरावा काय?' हा प्रश्न जिभेच्या टोकावर आला, जसा तो गेली एकतीस वर्षं येत होता. मेहुण्याचा चेहरा बघून तो तिथेच थांबला.

"मला आठवत नाही," आकडेराव म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत. "पण तू म्हणतोस तर म्हणालोच असेन. फार वाईट बोललो रे मी."

मेहुणा बाकाच्या एका कडेला सरकला आणि त्याने शेजारची जागा हाताने झाडली.